लाल पट्टी आणि अण्णांचे गुडघे

सोमवार, ४ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा ऑफिसचा पहिला दिवस आणि पहिलीच बातमी झकास! आमच्या लाल पट्टीला जानेवारीत समितीपुढे बोलावलं आहे. समितीने होकार दिला तर ही पट्टी शहरातल्या बाकीच्या सरकारी रुग्णालयांतही लागेल. वर डायरेक्टर मॅडम अगदी सहज म्हणाल्या, "रेवती, फिर तुम्हारी प्रोफेसरशिप की फाइल भी चल पड़ेगी." सहयोगी प्राध्यापक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर असं वाक्य कानावर पडलं की माणूस जिना धावत उतरतो. मी उतरले.

डायरी नवी आहे, तर लाल पट्टी म्हणजे काय ते एकदा लिहून ठेवते. पुढे मीच वाचीन तेव्हा उपयोगी पडेल. आमच्या रुग्णालयात डॉक्टर औषधं संगणकावर लिहितात. वयस्कर माणसाला ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, लघवी वाढवणारी गोळी चालू आहे आणि त्यात कुणी दुखण्यावरची गोळी घातली, की पडद्यावर लाल पट्टी येते: थांबा, या तिन्ही एकत्र मूत्रपिंडाला घातक. मग डॉक्टर तिसरी गोळी काढून टाकतो. पट्टी लागल्यापासूनच्या सगळ्या रुग्णांच्या नोंदी, नावं पुसून, माझ्याकडे येतात. मी आणि अंशुमन त्या चाळतो. अंशुमन आमचा संख्याशास्त्रज्ञ. कोलकात्याचा आहे आणि चेहऱ्यावर कायम पोट बिघडल्याचा भाव. निष्कर्ष मात्र गोड आहे. पट्टी आली की ते घातक त्रिकूट मोडतं, जवळजवळ नेहमीच.

घरी आले तर अण्णा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी घेऊन विजेचे मीटर बघत उभे. मी विचारलं, "काय बघताय?" म्हणाले, "कुणाचं मीटर जास्त पळतंय ते." जन्म सरकारी भांडारात गेला. दिसेल ती वस्तू मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मी पुढे गेले, ते मागून सावकाश आले. आर. के. पुरमच्या या क्वार्टरला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आणि वडील चौऱ्याहत्तरीत रोज भाजी घेऊन वर चढतात. ऑफिसात हे मी येईल त्याला ऐकवते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज जे झालं ते मी ठरवूनही घडवू शकले नसते.

अण्णांना घेऊन आमच्याच रुग्णालयाच्या ओपीडीत गेले. बाहेर दिल्लीचा नोव्हेंबरातला धूर इतका होता की समोरची इमारतही दिसेना. अण्णांना ब्लडप्रेशरची गोळी आणि पायावरची सूज उतरवणारी, म्हणजे लघवीची, गोळी आधीपासून आहे. गुडघे दुखतात म्हणाले. डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. त्याने दुखण्यावरची गोळी टाइप केली आणि माझ्या डोळ्यांदेखत पडद्यावर लाल पट्टी उगवली! माझी पट्टी! मी खुर्चीतून अर्धी उठलेच. डॉक्टरने एक सेकंद वाचलं, गोळी काढली, पुढच्या पेशंटला हाक मारली.

अण्णा म्हणाले, "डॉक्टर साहब, और घुटनों का?"

"अंकल, वज़न कम कीजिए, थोड़ा वॉक कीजिए. अच्छा, नेक्स्ट!"

ऑटोत बसल्यावर मी अण्णांना पट्टीचं सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तुमच्या लेकीने आज तुमचं मूत्रपिंड वाचवलं. "बिल्कुल," ते म्हणाले आणि गुडघ्यावर हात ठेवून बाहेर बघत राहिले. समितीपुढचं भाषण आता याच गोष्टीने सुरू करायचं. नाव न घेता: "एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ..."

रविवार, २४ नोव्हेंबर

खालच्या प्रज्ञाच्या नवऱ्याची बदली झाली, गुवाहाटीला. आज दिवसभर त्यांचं सामान उतरत होतं. बदलीच्या कॉलनीत कुणी जायला निघालं की जे ट्रकात मावत नाही ते शेजाऱ्यांत वाटलं जातं. आमच्याकडे त्यांचे पडदे आले, तुळस आली, कोथिंबिरीची कुंडी आली. पडदे आमच्या खिडक्यांना आखूड पडतात, पण कुठल्याच क्वार्टरचे पडदे दुसऱ्या क्वार्टरला कधी पुरत नाहीत, आणि म्हणून कुणी घ्यायचं थांबत नाही.

शेवटी प्रज्ञा एक पिशवी घेऊन आली. "अण्णा, ही सासूबाईंची औषधं. डिस्पेन्सरीतून तीन-तीन महिन्यांची मिळतात, अर्धी तशीच राहिली. फेकवत नाही हो. तुमच्याकडे ठेवू?"

अण्णा खुलले. लक्ष्मीबाई नगरात राहत होतो तेव्हापासून हे त्यांचं खातं आहे. जाणारा आपली उरलेली औषधं अण्णांकडे सोपवतो, आणि कुणाला रात्री-अपरात्री ॲसिडिटी झाली, ताप आला, की तो अण्णांचं दार वाजवतो. अण्णा प्रत्येक पाकिटाची तारीख बघून, तारीख उलटलेलं बाजूला काढून, बाकीचं पत्र्याच्या पेटीत लावतात. सरकारी माल वाया जाता कामा नये. मी एवढी औषध-सुरक्षेवर काम करणारी, तरी मला याचं कौतुकच वाटतं. तारखेच्या बाबतीत त्यांच्याइतका काटेकोर फार्मासिस्टही मला भेटलेला नाही.

संध्याकाळी अण्णा पेटी लावत बसले होते आणि मी भाषणाच्या स्लाइड. बाप-लेक दोघं आपापल्या कामात रमलेली होती. मस्त रविवार गेला.

मंगळवार, ३ डिसेंबर

अंशुमनने आज डोकं खाल्लं.

"रेवतीदी, एक बात समझ नहीं आ रही. कॉम्बिनेशन तो गिर गया. फिर किडनी ख़राब होकर भर्ती होने वाले बुज़ुर्ग उतने ही क्यों हैं?"

मी म्हटलं, वेळ लागतो. म्हटलं, मधुमेह आहे, दिल्लीचं पाणी आहे, हजार कारणं आहेत. त्याने मान हलवली, पण त्याची मान हलली म्हणजे त्याला पटलं असं नसतं. जाताना दारात थांबून म्हणाला, "हम जो गिन रहे हैं, वो डॉक्टर ने क्या लिखा, वो है ना? पेशंट ने क्या खाया, वो तो नहीं."

"अरे यार, लिहिलंच नाही तर खाणार कुठून?" मी मराठीतच म्हणाले. माझा आवाज चढला की त्याला मराठी कळतं.

तरी लिहून ठेवते की हा प्रश्न मला आवडलेला नाही. आवडला नाही म्हणजे थोडा बोचला. पण समितीला सात आठवडे उरलेत आणि आमचा निष्कर्ष भक्कम आहे.

शनिवार, १४ डिसेंबर

अण्णांचे गुडघे सुधारले! गेले दोन आठवडे अगदी तुरुतुरु चालतात. आज दूध आणि पीठ एकदम घेऊन वर आले, मीटरपाशी रेंगाळलेही नाहीत. डॉक्टरचं बरोबर होतं. गोळी टाळली, चालणं वाढवलं, दुखणं पळालं. भाषणात हे घालायलाच हवं.

रविवार, २२ डिसेंबर

अंबादासकाका जेवायला आले होते. अण्णांचे नोकरीतले सोबती आहेत. आता मुलाकडे, दिल्लीतल्याच द्वारकेला राहतात. दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला जातात, काला आंबच्या स्मारकाला वंदन करायला. त्या बसचा कारभार या दोघांकडे. काका माणसं जमवतात आणि अण्णा माइक धरून लढाईची कथा सांगतात. बस वाटेतल्या मुरथलला पोचेपर्यंत अण्णा भाऊसाहेबांना दिल्लीत पोचवतात आणि पानिपत येईपर्यंत बसमध्ये एकाचेही डोळे कोरडे नसतात. मी लहानपणापासून बघतेय.

"यंदा तू पण चल गं," काका म्हणाले. "तुझे अण्णा काय पळतात हल्ली! आम्हाला पण सांगा म्हटलं रहस्य."

"सांगतो, बसमध्ये सांगतो," अण्णा घाईघाईने म्हणाले आणि पाणी आणायला उठले. स्वतः मात्र प्यायले नाहीत. अर्धी भाकरीही तशीच टाकली. भूक नाही म्हणाले. मोजे काढले तेव्हा घोट्यावर खोल वळ उमटला होता. मी म्हटलं हे नवे लोकरी मोजे फार घट्ट आहेत, बदलून आणते.

मला पानिपतला जमणार नाही. समिती संक्रांतीच्या पुढच्याच आठवड्यात आहे.

गुरुवार, २ जानेवारी

भाषणाची तालीम अण्णांसमोर केली. ते रजई पांघरून बसले होते, मी टीव्हीपुढे उभी. "एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ गुडघेदुखी घेऊन येतात..." लाल पट्टी येते, गोळी कापली जाते, धोका टळतो. हे मी इतकं रंगवून सांगितलं की मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

अण्णांनी रजई वर ओढली. मग म्हणाले, "त्या माणसाचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? ठणठणीत आहे. समोर बसलाय."

ते हसले. हल्ली हसले की चेहरा थोडा सुजल्यासारखा दिसतो. थंडी फार आहे यंदा. "चांगलं झालंय भाषण," म्हणाले. "पण तो जिन्याचा मुद्दा काढ. अण्णा जिने चढतात हे समितीला कशाला?"

मी म्हटलं, तोच तर माझा हुकमाचा एक्का आहे.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ देऊन अण्णा सकाळी पानिपतला गेले. डोक्याला फेटा, खांद्याला झोळी. झोळीत तिळगुळाचा डबा आणि आणखी काहीतरी खडखडत होतं. पाण्याची बाटली मी दिली ती विसरले, की ठेवून गेले कोण जाणे. हायवेवर वयस्कर लोकांची सोय नसते, त्यामुळे बसमधले सगळे जण पाणी टाळतात.

मी स्लाइड संपवल्या. मूत्रपिंडाचे रुग्ण कमी झालेले नाहीत हे दाखवणारा अंशुमनचा तक्ता मी शेवटाला ढकलला. वेळ उरला तर दाखवू.

गुरुवार, १६ जानेवारी

अण्णा रुग्णालयात आहेत.

काल पानिपतचा शीण म्हणून दिवसभर झोपून होते. आज सकाळी उलट्या झाल्या. बोलणं असंबद्ध, पाय भरलेले. लघवी कधी झाली ते त्यांना सांगता येईना. समोरच्या शर्माजींनी आणि मी खुर्चीत बसवून त्यांना तिन्ही मजले उतरवलं. अण्णा उतरताना प्रत्येक वळणावर "सॉरी" म्हणत होते, शर्माजींना की मला ते कळलं नाही.

वॉर्डात डॉ. ममता आहे. माझी मैत्रीण आहे, रोहतकची, आणि बोलणं सरळसोट. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर तिने मला बाहेर बोलावलं. "किडनी बैठ रही है. अंकल पेनकिलर ले रहे हैं?"

"नाही! म्हणजे, नहीं. नवंबर में ही कट गई थी. मेरे सामने. रिकॉर्ड में देख लो."

"रिकॉर्ड मैंने देख लिया, रेवती. मैं अंकल की बात कर रही हूँ."



शुक्रवार, १७ जानेवारी

दुपारी अंबादासकाका भेटायला आले. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी आपलं कौतुकच सुरू केलं. "बसमध्ये काय व्यवस्था होती तुझ्या अण्णांची! एका हाताने तिळगूळ, दुसऱ्या हाताने गुडघ्याची गोळी. म्हणाले, प्रज्ञाच्या सासूबाईंचा स्टॉक आहे, तारीख चांगली आहे, घ्या. मी पण घेतली. काला आंबला सगळे म्हातारे कसे तरातरा चालले!"

म्हणजे डॉक्टरने जी गोळी कापली, तीच त्या संध्याकाळपासून नाही तरी प्रज्ञाची पिशवी आल्यापासून अण्णा रोज घेत होते. माझ्याच घरात, मी स्लाइड करत होते त्या टेबलापासून चार हातांवर. आणि अण्णा तुरुतुरु चालू लागले तेव्हा मी डायरीत उद्गारचिन्ह टाकलं. मागची पानं आत्ता चाळली. मोजे, भाकरी, चेहरा, सगळं मीच लिहिलंय, आणि मलाच दिसलं नाही! मी स्वतःवर इतकी चिडले की कॅन्टीनमध्ये जाऊन एकटीच रडले.

काकांकडून सगळ्यांचे नंबर घेतले आणि बसमधल्या एकेकाला फोन लावला. गोळी बंद करा, पाणी प्या, उद्या रक्त तपासा. बहुतेकांनी ऐकलं. एक बाई मात्र म्हणाल्या, "अगं, पण तिने फार बरं वाटतं गं."

शनिवार, १८ जानेवारी

ममता म्हणते धोका टळतोय. लघवी सुरू झाली. डायलिसिस लागणार नाही असं तिला वाटतं. ममताला 'वाटतं' म्हणजे पक्कंच. मी तिला मिठी मारली, तिने "अरे अरे, छोड़" करून ढकललं.

अण्णा आज नीट बोलले. मी त्यांना रागवणार नव्हते, पण रागावलेच. "मी समजावून सांगितलं होतं ना ऑटोत? धोक्याची आहे, मूत्रपिंडं जातात, सगळं सांगितलं होतं. तरी का घेतलीत?"

त्यांनी सलाइनकडे बघितलं. मग म्हणाले, "तू सगळ्यांना सांगतेस ना, अण्णा तीन जिने चढतात. मग चढायला नको?"

मी त्यांची चादर सारखी केली.

"डॉक्टरने गोळी काढली," ते म्हणाले, "गुडघे तर माझ्याकडेच ठेवले ना. त्याला विचारलं मी. तू होतीस तिथे."

होते मी तिथे. मी पट्टी बघत होते.

तिथूनच अंशुमनला फोन केला. शनिवार असून आला. त्याला एकच गोष्ट काढायला सांगितली: लाल पट्टीमुळे ज्यांची दुखण्यावरची गोळी कापली गेली, त्यांना दुखण्यासाठी त्याऐवजी काय दिलं? मलम, शेक, व्यायाम, दुसरी सौम्य गोळी, काहीही. हा रकाना आमच्या नोंदींत पहिल्यापासून होता. आम्ही तो कधी उघडलाच नव्हता, कारण आमचा प्रश्न गोळी कापली जाण्यापाशी संपत होता.

तीन तासांनी त्याचा फोन आला. "रेवतीदी, ज़्यादातर में कुछ नहीं है. ख़ाली." मग म्हणाला, "और जो किडनी लेकर वापस आए, उनमें ज़्यादातर यही ख़ाली वाले हैं."

मूत्रपिंडाचे रुग्ण कमी का होत नव्हते त्याचं उत्तर हेच होतं. मी त्याला म्हटलं, तुझं बरोबर होतं रे. तो म्हणाला, "मैंने तो बस पूछा था." आणि मग, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून, त्याने अण्णांना काय खायला चालतं ते विचारलं.

मंगळवार, २१ जानेवारी

समिती झाली.

सकाळी डायरेक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेवती, पहले अप्रूवल ले लो, बाकी बाद में ठीक कर लेना." त्यांचंही चुकत नव्हतं. त्यांनी या पट्टीसाठी माझ्याइतकेच जोडे झिजवलेत. पण मी म्हटलं, मॅडम, अजून पाच-सहा रुग्णालयांत ही अशीच लागली तर तितक्याच घरांत पत्र्याच्या पेट्या उघडतील. त्यांनी मला अडवलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

पहिली स्लाइड बदलली नाही. "एक चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ गुडघेदुखी घेऊन येतात." लाल पट्टी आली, गोळी कापली गेली, नोंदीत हिरवी खूण पडली. तालमीतल्यासारखंच रंगवून सांगितलं. समितीतले एक जण कौतुकाने मान डोलवत होते. मग मी म्हटलं, "या गृहस्थांचं पुढे काय झालं, हे मला कुणीतरी विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं. ते आत्ता या इमारतीच्या मागे दुसऱ्या वॉर्डात आहेत. माझे वडील आहेत."

त्यानंतर हॉलमध्ये कुणी बिस्किटाला हात लावला नाही. अंशुमनचा तक्ता, जो मी शेवटाला ढकलला होता, तो दुसऱ्या नंबरवर आणला होता. तो दाखवला. रिकामा रकाना दाखवला. मला वाटलं होतं मी हरायला चाललेय, पण इतकं खरं आणि इतकं सरळ मी याआधी कधी बोलले नव्हते. मान डोलवणाऱ्यांनी विचारलं, मग पट्टी काढून टाकायची का? म्हटलं, मुळीच नाही. पट्टी चांगली आहे, फक्त अर्धी आहे. गोळी कापायच्या आधी तिने डॉक्टरकडून दोन गोष्टी वदवून घ्यायला हव्यात: दुखण्यासाठी काय देताय, आणि हीच गोळी घरात आधीपासून पडलेली आहे का. हे आमच्या रुग्णालयात आधी करून दाखवते, मग बोलवा.

त्यांनी बाकीच्या रुग्णालयांना नकार दिला आणि आमच्या रुग्णालयात नव्या पट्टीला होकार दिला. प्रोफेसरशिपची फाइल अर्थात जागच्या जागी बसली. बसू दे. ती माझ्यासारखीच सरकारी आहे, तिला सवय आहे.

वॉर्डात जाऊन अण्णांना सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "जिन्याचा मुद्दा काढलास ना?"

रविवार, २ फेब्रुवारी

अण्णा घरी आले. जिना चढायला अर्धा तास लागला, मध्ये दोनदा थांबलो. तळमजल्याच्या क्वार्टरसाठी अर्ज टाकलाय, तो मंजूर व्हायला बहुधा माझी निवृत्ती उजाडेल. ममताने गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी लावून दिली, मलम दिलं, शेकायची पिशवी दिली. अण्णा ते शिस्तीत करतात.

आज पत्र्याच्या पेटीचा निकाल लावला. मी सगळं सरळ पिशवीत भरायला लागले तर अण्णांनी थांबवलं. "भांडारातला माल एकटा माणूस रद्द करत नाही. बोर्ड बसवावं लागतं." मग अंबादासकाकांना द्वारकेहून बोलावलं. अण्णा अध्यक्ष, काका आणि मी सदस्य. एकेक पाकीट हातात घेऊन अण्णा म्हणायचे, "रद्द?" आणि आम्ही दोघं म्हणायचो, "रद्द." ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काकांनी थोडी खळखळ केली. प्रज्ञाच्या सासूबाईंचं पाकीट आलं तेव्हा अण्णांनी काहीच विचारलं नाही, नुसतं पिशवीत टाकलं. उद्या रुग्णालयाच्या औषध विभागात नेऊन नष्ट करायला देणार आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मीटरच्या खाली, मी एक खुर्ची ठेवली. साधी, लाकडी, हाताची. अण्णांचा पारा चढला. "लोक काय म्हणतील? अण्णा थकले?"

मी म्हटलं, शर्माजींच्या आईसाठी ठेवलीय.

"मग त्यांच्या दारापुढे ठेव."

खुर्ची तिथेच आहे. शर्माजींची आई खरोखरच बसते. गॅसवाला बसतो. आज मी वर येताना अण्णा तिच्या शेजारी उभे राहून मीटर बघत होते. इतकी वर्षं ते मीटर का बघतात ते मला आता समजलंय, पण मी तसं दाखवलं नाही. "कुणाचं पळतंय?" विचारलं. "शर्मांचं," म्हणाले. दम लागला होता.

गुरुवार, ६ मार्च

नवी पट्टी सुरू होऊन आज चौथा दिवस. डॉक्टरांनी सुरुवातीला खूप कुरकुर केली, दोन प्रश्न वाढले म्हणून. त्या झोप न झालेल्या तरुण डॉक्टरने तर मला कॉरिडॉरमध्येच गाठलं, "मॅम, टाइम कहाँ है?" मी त्याच्यासोबत ओपीडीत जाऊन बसले. पहिल्याच आजींना त्याने पडद्यावरून वाचून विचारलं, "अम्मा, घर में ये वाली गोली रखी है? किसी ने दी?" आजींनी पदराची गाठ सोडली आणि चार गोळ्या टेबलावर ठेवल्या. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने मलम लिहिलं, फिजिओथेरपी लिहिली आणि गुडघ्याला हात लावून बघितलं. मला वाटतं हे काम आता मूळ धरेल. पुढच्या वर्षी समितीपुढे मी ताठ मानेने जाणार आहे. फाइल हलेल तेव्हा हलेल.

अंशुमनने विचारलं, जुन्या नोंदींत ती एक ओळ आहे, चौऱ्याहत्तर वर्षं, नोव्हेंबरमध्ये गोळी कापली, जानेवारीत भरती. तिचं काय करायचं? त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, 'यशस्वी'मधून काढ आणि जिथे जायची तिथे घाल.

पाच वाजताच घरी निघाले. जिना चढत होते. पहिला मजला, मग दुसऱ्याचं वळण. अण्णा खुर्चीत बसले होते. भाजीची पिशवी पायाशी, दोन्ही हात गुडघ्यांवर. मला बघून एकदा उठायला लागले, अर्धे उठले, आणि मग परत बसले.

"बस," म्हणाले. "दोन मिनिटं. मग जाऊ वर."

मी पायरीवर बसले.